सात नंबरचा बोअर

रामटेके काका,

तुम्ही गेल्याचं मला बिसाहूकडून कळलं. मी ऑफिसात होते, शंकर नगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे तुम्ही फक्त दोनदा आलात आणि दोन्ही वेळा खुर्चीवर बसला नाहीत. बिसाहू म्हणाला, "दीदी, रामटेके भैया नइ रहिन." मी म्हटलं, "अच्छा." आणि फोन ठेवला. पुढचा अर्धा तास मी एका तक्त्यातल्या चुका दुरुस्त करत बसले.

खरं सांगते, मनात आधी दुःख आलं नाही. आधी आला तो संशय. तुमच्या बोअरच्या रिगवर रॉड जोडणाऱ्या या माणसानं एवढ्या लोकांतून मलाच फोन का केला? तुम्ही त्याला काही सांगून ठेवलं होतं का? मला काही बोल लावायचा राहिला होता आणि तो आता त्याच्या तोंडून येणार होता का? तुमच्याबाबतीत माझं मन नेहमी आधी तिकडेच वळायचं. तुम्ही गेलात त्या दिवशीही वळलं.

तुमच्या नोकरीचं, रेल्वेच्या पुलांचं, तुमची माणसं सांगतीलच. मला जे सांगायचं आहे ते त्या लाइनपुरतं आहे. शहरात लाइट मेट्रोची एक छोटीशी लाइन व्हायची होती, पुरानी बस्तीकडून गोल बाज़ाराच्या कडेनं शंकर नगरापर्यंत. पायी निघालं तरी दीड तासात संपेल एवढी. तिचे खांब जिथे उभे राहणार तिथली जमीन कशी आहे हे बघायला जागोजागी बोअर मारायचे होते. बोअर मारणारे तुम्ही, आणि तुम्ही काढलेल्या माती-दगडावर सही करणारी इंजिनियर मी. आपलं नातं एवढंच. तरी पंधरा दिवस झाले, मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, आणि बोलण्यापेक्षा भांडणंच जास्त होतात.

पहिल्या दिवशी तुम्ही माझी परीक्षा घेतलीत. लाकडी पेटीत कोअर मांडून ठेवले होते, जमिनीतून निघालेले दगडाचे गोल तुकडे, काकडीएवढाले. त्यातला एक तुम्ही माझ्या हातात दिलात. "हे काय हाये, मॅडम?" मी हिंदीत म्हटलं, चूनापत्थर है. तुम्ही विचारलंत, कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, अकोला.

"अकोल्याच्या हाये अन् हिंदीत काहून बोलून राहिल्या?"

तुम्ही मराठी आहात हे मला ठाऊकच नव्हतं. मी तसं म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "माह्या पोट्टीलेबी वाटत नाही. मराठी समजते तिले सगळी, जवाब मात्र हिंदीतच देते." मग तुम्ही दुसरा तुकडा पुढे केलात, फिकट पिवळी रेघ असलेला. "याले जीभ लावून पाहा. मातीचा अंश असन त चिकटते." हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण मी कधी केलं नव्हतं. तिथे रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत मी दगडाला जीभ लावली. चिकटली. तुम्ही आणि बिसाहू दोघंही हसलात, आणि मला राग आला नाही.

पुण्यातल्या होस्टेलात मी 'मले' आणि 'तुले' जिभेवरून घासून काढले होते. तुमच्यासोबत महिनाभरात ते परत आले. आईनं एकदा फोनवर विचारलं, "कोणाच्या संगतीत आहेस गं तू तिकडे?" मी म्हटलं, एका ड्रिलरच्या. तिला ते काय असतं ते समजावून सांगावं लागलं.

पण तेव्हाही त्या लाइनवर कुणाचाच विश्वास नव्हता, हे तुम्हाला आठवत असेल. कागदावर ती तीनदा आखून तीनदा पुसली गेली होती. गोल बाज़ारातले भांडीवाले म्हणायचे, मेट्रो-बिट्रो काही येत नाही, दुकानं हलवायचं निमित्त आहे. पुरानी बस्तीत लोक म्हणायचे, बाज़ार वाचवायला लाइन आमच्या अंगावर ढकलली. आम्ही रिग लावला की दहा माणसं गोळा व्हायची आणि इथंच का, असं विचारायची. आणि माझे साहेब पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले होते, "यहाँ हर आदमी का कहीं न कहीं एक घर है. कोई कुछ बताए तो पहले देखो, उसका घर कहाँ है." मला ते शहाणपणाचं वाटलं. मी ते वहीत लिहून ठेवलं नाही, इतकंच.

सात नंबरचा बोअर डबरीपाऱ्यात होता. पाऱ्यातल्या, म्हणजे त्या मोहल्ल्यातल्या, लाइनसाठी जाणाऱ्या घरांच्या भिंतींवर लाल रंगानं आकडे पडले होते आणि चौकात मांडव घालून लोक रोज धरणं धरून बसायचे. त्या दिवशी मी साइटवर नव्हते, बैठकीला गेले होते. दिवस मावळायच्या आधी तुम्ही नोंदवही घेऊन ऑफिसात आलात. ती तुमची पहिली खेप. चौदा मीटरच्या पुढे तुमच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: रॉड सुटला. पाणी गायब.

मी विचारलं, "सुटला म्हणजे किती?"

"हातभर पडला. मंग आनखी हातभर. खाली पोकळ हाये, मॅडम. चुनखडीत असते अशी. पाणी घालत गेलो त एक थेंब वर नाही आला."

"त्या भागाचा कोअर दाखवा."

"पोकळीचा कोअर कुठून आनू?"

बरोबरच होतं. जिथे काही नाही तिथला नमुना काय निघणार? पुरावा म्हणजे तुमचा शब्द आणि बिसाहूचा. मी विचारलं, मला फोन का नाही केला? तुम्ही म्हणालात, केला होता दोनदा. तेही खरं होतं. बैठकीत मी फोन बंद ठेवला होता. पण त्या क्षणी मला वाटलं, नेमकी मी नसतानाच कशी पोकळी लागली?

तुम्ही गेल्यावर मी तुमची फाइल काढली. आधार कार्डाची प्रत होती. पत्ता: डबरीपारा.

काका, त्यानंतर मला सगळंच जुळत गेलं. त्या मांडवात एकदा तुम्हाला चहा पीत बसलेलं मी पाहिलं होतं. एक बाई तुम्हाला 'भैया' म्हणून हाक मारून काहीतरी विचारत होती. पोकळी आहे म्हटलं की खांब तिथे उभा राहणार नाही. खांब नाही म्हणजे लाइन सरकणार, आणि डबरीपारा वाचणार. एका पानावर दोन ओळी लिहिल्या की एवढं सगळं होणार होतं. तुम्ही तसे नाही असं सांगणारं माझ्या मनात बरंच काही होतं. पण ते सगळं माझ्या जिव्हाळ्यातून आलेलं होतं, आणि मला जिव्हाळ्याचाच संशय यायला लागला. वाटलं, याच कामासाठी तर नाही हा माणूस माझ्याशी मराठीत बोलत?

साहेबांनी दुसऱ्या टोळीकडून तपासणीचा बोअर मारून घेतला. तुमचं भोक रीतीप्रमाणे सिमेंटनं बुजवलेलं होतं, म्हणून तो दोन मीटर बाजूला घेतला. वीस मीटरपर्यंत सलग चुनखडी लागली, एक भेगही नाही. मी शेरा लिहिला: सात नंबरची नोंद विश्वासार्ह नाही, ड्रिलरचा हितसंबंध असण्याची शक्यता आहे. दुसरं वाक्य मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

तुम्ही दुसऱ्यांदा ऑफिसात आलात ते त्यानंतर. कामावरून काढल्याचं तुम्हाला ठेकेदारानं सांगितलं होतं. तुम्ही हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलंत.

"मॅडम, एकच इचारतो. तुमी मले खोटा म्हन्लं का चुकीचा म्हन्लं?"

मी म्हटलं, "काका, दोन्हीत काय फरक आहे? नोंद तर धरता येत नाही ना."

"मोठा फरक हाये. चुकीचा म्हन्लं असन त पुन्हा बोअर मारू, माह्यासमोर, त्याच जागी. खोटा म्हन्लं असन त मंग बोलून फायदा नाही."

"दोन मीटरवर पक्का दगड लागला आहे."

"चुनखडीत दोन मीटर म्हंजे दुसरं गाव असते."

मला ते माहीत होतं. तुम्ही म्हणत होता ते प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. तरीही मी मान खाली घालून कागद सारखे करत राहिले, आणि तुम्ही जिना उतरून गेलात. खोटा का चुकीचा, तो प्रश्न तिथेच राहिला. तुमच्या हयातीत मी त्याचं उत्तर दिलं नाही. आता देते: मी तुम्हाला खोटा म्हटलं होतं.

मग काम सुरू झालं. सात नंबरच्या जवळच्या खांबासाठी जमिनीत भोक पाडून काँक्रीट ओतायला, म्हणजे पाइल घालायला, घेतलं. ठरलेल्या गाड्या रिकाम्या झाल्या, भोक भरेना. आणखी गाड्या मागवल्या. भोकाच्या तोंडाशी उभं राहिलं की आत काहीतरी सावकाश सरकत गेल्यासारखा आवाज यायचा. दुपारी पाऱ्यातली एक बाई ओरडत आली. तिच्या आंगणातल्या विहिरीचं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. मी धावत जाऊन वाकून पाहिलं. सिमेंट होतं. आम्ही ओतत होतो ते जमिनीखालून वाट काढत तिच्या विहिरीत निघालं होतं. लोकांनी मात्र वेगळंच धरलं. आम्हाला पाऱ्यातून हुसकवायला यांनीच पाण्यात विष कालवलं, असं म्हणाले. मी समजावत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. कशाला ऐकतील? मी तरी कुणाचं ऐकलं होतं?

काम थांबलं. चौकशी बसली. पत्र्याच्या कुंपणावर लावलेल्या मेट्रोच्या चित्रांचे रंग उन्हानं उडून गेले. ऑफिसात जो तो दुसऱ्याकडे बघत होता. त्या दिवसांत तुमचं नाव एकदा निघालं. साहेब म्हणाले, पाइल एका बाजूला, त्याचा बोअर दुसऱ्या बाजूला, इससे साबित कुछ नहीं होता. मी ते वाक्य घट्ट धरून बसले. स्वतःला सांगत राहिले की तिथे पोकळी निघाली खरी, पण तुमच्या जागी होती हे कुठे सिद्ध झालंय? तुम्ही थापच मारली असेल आणि योगायोगानं खरी ठरली असेल. माणूस स्वतःला वाचवायला किती बारीक कीस काढतो, काका.

गोल बाज़ारात आपण भेटलो ते त्यानंतर चार-पाच महिन्यांनी. भांड्यांच्या गल्लीत तुम्ही कढईची दांडी बसवून घेत उभे होता. अंगानं वाळला होतात. मी टाळून जाणार होते, पण तुम्हीच हाक मारलीत. आईची तब्येत विचारलीत. मी तुमच्या खोकल्याचं विचारलं. दगडाची धूळ हाये, म्हणालात, जाईन खोकला हळूहळू. कारागीर दांडी ठोकत होता म्हणून आपण दोघंही मोठ्यानं बोलत होतो, आणि मला वाटलं, आता म्हणावं, माझं चुकलं, इथेच म्हणावं, या ठोकाठोकीत म्हटलं तर जड जाणार नाही. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "मॅडम, लाइन आता कुठून वळवून राहिले?"

म्हणायचं होतं ते राहिलं. हे का विचारतात? कोणासाठी विचारतात? डबरीपारा टाळणारी नवीन आखणी तेव्हा तयार होत होती, अजून बाहेर गेली नव्हती, आणि ती माझ्याच संगणकावर होती. मी म्हटलं, "ते सांगता येत नाही, काका."

तुम्ही म्हणालात, "हव." इथली माणसं 'बरं' या अर्थी म्हणतात तसं. मग कढई पिशवीत घातलीत आणि निघालात. ती आपली शेवटची भेट.

बिसाहूच्या फोननंतर दोन दिवसांनी मी त्याला म्हटलं, मला त्यांच्या घरी जायचंय. तो म्हणाला, चलो. मी स्कूटर डबरीपाऱ्याकडे वळवली तर मागून तो म्हणाला, "ओती नइ दीदी, ए डहर." मी म्हटलं, डबरीपारा तर तिकडे आहे. तो म्हणाला, "ओ घर तो कब के छोड़ दे रिहिन." तुम्ही डबरीपाऱ्यात भाड्यानं राहत होता, खूप वर्षांपूर्वी. कार्डावरचा पत्ता बदलायचा राहून गेला होता. आम्ही कुम्हारपाऱ्यात शिरलो. गल्लीत तिसरं घर. भिंत नुकतीच चुन्यानं रंगवलेली, आणि त्यावर लाल आकडा.

तो आकडा आमच्याच माणसांनी टाकलेला होता. कुम्हारपाऱ्यावरून जाणारी नवीन आखणी मीच केली होती. त्या गल्लीतली घरं मी वरून पाहिली होती, पडद्यावर, करड्या चौकोनांसारखी. त्यातला एक चौकोन तुमचा होता.

आत बुद्धाच्या मूर्तीशेजारी तुमचा फोटो होता, हार ताजा होता. काकू दारातच उभ्या राहिल्या. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहून म्हणाल्या, "मोजणीले आल्या का?"

मी म्हटलं, नाही. मी त्यांच्यासोबत काम करत होते.

"तुमीच का त्या अकोल्याच्या?"

मी हो म्हटलं. त्यांनी आत यायला सांगितलं नाही, पण दारातून बाजूला झाल्या. मी खाली सतरंजीवर बसले. त्या भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. सकाळी चहा घेऊन तुम्ही आंगणात उन्हाला बसला होता, म्हणाल्या, कप पडल्याचा आवाज झाला म्हणून त्या बाहेर आल्या. एवढंच सांगितलं.

मला विचारायचं होतं ते विचारायची लाज वाटत होती. तरी विचारलं. "काकू, सात नंबरचा बोअर झाला त्या दिवशी काका घरी काही बोलले होते?"

"काहून?"

"मला कळायला हवं."

त्यांनी बिसाहूकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग त्या बोलल्या, आणि मी ते जसंच्या तसं लिहिते, कारण यातला एकही शब्द बदलायचा मला अधिकार नाही.

"त्या दिवशी जेवले नाही. मले म्हने, तिकडं जमीन पोकळ लागली. म्या म्हन्लं, मंग? म्हने, मंग लाइन सरकन, अन् सरकली त इकडंच येईन, दुसरीकडं जागा नाही. म्या म्हन्लं, तुमी काहून लिवता? ते इंजिनियर पाहून घेतीन. आपलं घर हाये हे. म्या हात जोडले, मॅडम. त म्हने, लिवून देऊन आलो."

बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली.

म्हणजे गोल बाज़ारात तुम्ही मला विचारलंत ते स्वतःच्या घराबद्दल. कोणाचा निरोप घेऊन आला नव्हता. एक माणूस कढई हातात घेऊन विचारत होता, माझं घर राहतं की जातं, आणि मी त्याला हेर ठरवलं. ज्या घरासाठी तुम्ही खोटं लिहिलं असं मी मानलं होतं, तिथे तुम्ही राहतच नव्हता. आणि जिथे राहत होता ते घर तुमच्या खऱ्या नोंदीनं जाणार होतं. मी फाइलमध्ये पत्ता बघितला. तुम्हाला विचारलं नाही. 'काका, तुमचं घर कुठे?' एवढे चार शब्द होते ते.

मी काकूंना म्हटलं, "माझ्यामुळे त्यांचं काम गेलं. मी शेरा लिहिला होता. मी तो मागे घेणार आहे. लिहून देणार आहे की त्यांची नोंद खरी होती."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्या खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नाव नका काढू त्याईचं."

"का?"

"डबरीपाऱ्यातली लाइन इकडं काहून आली हे इथं कोनाले माहीत नाही. तुमी लिहान की रामटेकेच्या बोअरनं लाइन हलली, अन् हे कागद फिरत फिरत इथं येतीन. मंग गल्ली म्हनन, यानंच आनली घरावर. मले इथं राहाचं हाये, घर हाये तवरक." थोड्या वेळानं म्हणाल्या, "अन् तुमी खरंच त्यासाठीच लिहून राहिल्या का? का तुमच्या मनावरचं वझं कमी कराले?"

मला त्यांचा संशय चुकीचा म्हणता आला नाही.

ऑफिसात जाऊन मी टिपण लिहिलं. तुमचं नाव त्यात घातलं नाही. सात नंबरची नोंद विश्वासार्ह नाही हा शेरा माझा होता, तो कारणाशिवाय होता, आणि हितसंबंधाचं वाक्य मी पडताळणी न करता लिहिलं होतं, असं लिहून खाली सही केली. साहेबांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "उसके घर गई थीं?" मी हो म्हटलं. "क्यों? कोई रिश्तेदारी है?" मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला ओळखू आलं. मी तुमच्या फाइलकडे असंच पाहिलं होतं. माझं घर कुठे आहे ते आता ते बघणार होते. टिपण त्यांनी ठेवून घेतलं. ते फाइलला लागलं की नाही, मला माहीत नाही. मी रोज विचारते, ते रोज हो म्हणतात, आणि माझा विश्वास बसत नाही.

एक मात्र झालं. प्रत्येक खांबाखाली स्वतंत्र बोअर मारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मी लावून धरलं आणि ते मान्य झालं. गेल्या मंगळवारी कुम्हारपाऱ्यात रिग लावला. जागा तुमच्या दारापासून दहा-बारा पावलांवर. रॉडवर बिसाहू होता. मी सकाळपासून तिथून हलले नाही, फोनही घेतला नाही.

काका, मला काय वाटत होतं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? मला रॉड पडायला हवा होता. आठ मीटर गेले, दहा गेले, पाणी वर येतंच होतं, गढूळ पांढरं, सारखं. बारा मीटरवर रिगचा आवाज जरा बदलला आणि मी एक पाऊल पुढे सरकले. पण तो दगडच होता, थोडा मऊ, मग पुन्हा टणक. चौदा. सोळा. अठरा. वीस मीटरपर्यंत एकसंध चुनखडी, पेटीत ओळीनं मांडलेली, जिच्यावर कुठलाही खांब शंभर वर्षं उभा राहील.

बिसाहूनं नोंदवही काढली. पेन हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. रिग बंद झाला होता, साहेब नव्हते, ठेकेदाराचा माणूस जेवायला गेला होता. "का लिखंव, दीदी?" त्यानं विचारलं. काय लिहू, हा साधा प्रश्न होता, तो प्रत्येक बोअरला विचारतो. पण त्यानं तुमच्या दाराकडेही एकदा पाहिलं होतं, आणि मला कळलं की तो खरोखर विचारतोय. चौदा मीटरला दोन ओळी. रॉड सुटला, पाणी गायब. पेटीतले चार तुकडे उचलून गटारात टाकायचे. या शहरात एकदा पोकळी निघालेली आहे. आता कुणीही विश्वास ठेवला असता. माझ्या सहीवर तर ठेवलाच असता.

मी किती वेळ गप्प राहिले ते मला सांगता येणार नाही. तुम्ही किती वेळ राहिला होता?

मग मी वही त्याच्या हातून घेतली आणि स्वतःच लिहिलं. शून्यापासून वीसपर्यंत, जे निघालं ते. सही केली.

वर पाहिलं तर काकू दारात उभ्या होत्या. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. म्हणाल्या, "काय लागलं?"

"दगड, काकू. पक्का आहे."

लाइन येईल की नाही, मला अजूनही सांगता येत नाही. आणखी एका आखणीची कुजबुज सुरू आहे, आणि ही लाइन कुणाला हवी आहे आणि कुणाला नुसती चर्चेत हवी आहे, हे इथे कुणीच सांगू शकत नाही. पण ती यायचीच झाली, तर तुमच्या घरावरून येण्यात आता जमिनीची काही आडकाठी नाही. ते मी लिहून दिलं आहे. हे सगळं मी काकूंना तिथेच उभं राहून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"त्याईनंबी हेच केलं," त्या म्हणाल्या, "अन् लिवून आल्यावर त्याईलेबी मी काही बोलली नाही." आणि दार लावून घेतलं, आवाज न करता.